टोपीबाबाची भिंत

चुन्याची बादली. शेंगदाण्याची टरफलं. माकडाच्या तोंडात खिळा. बिगूल.

मी एक जुनं, घडीचं स्टूल आहे. मित्रांनो, माझे पाय सागाचे आणि बैठक आमच्या इंदूरच्या गिरणीतल्या जाड कापडाची. तुम्ही माणसं समोरून ओळखता. मला ती खालून ठाऊक आहेत. म्हणून त्यांच्याविषयी माझं मत फारसं बरं नाही.

माझ्या मालकीणबाई इंदुमती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. होळकरांचं संस्थान जाऊन मध्यभारत आलं, त्या सुमारास त्यांनी ठरवलं, की शहरातली कला मुलींनी पायी हिंडून पाहावी. दर रविवारी आमची फेरी निघे. राजवाड्याच्या दारावरचं कोरीवकाम, चौकातला पुतळा, लालबागेचं फाटक आणि शेवटी एका धर्मशाळेची बाहेरची भिंत. बाई माझ्यावर बसून चित्रं काढत. मुली पाहत.

काय पाहत? त्यांच्यातल्या बेबीने पुतळ्याखाली बसून शेंगदाणे खाल्ले आणि विचारलं, "बाई, हा आतून पोकळ आहे का?"

जाणारे-येणारेही थांबत, पण पुतळ्यासाठी नव्हे. बाईमाणूस रस्त्यात बसलंय, याचंच त्यांना नवल.

भिंत मात्र बघण्यासारखी होती. कोण्या विसरलेल्या चिताऱ्याने तिच्यावर मिरवणूक रंगवली होती: हत्ती, नाचणाऱ्या बायका, एक माकड आणि सगळ्यांच्या पुढे बिगूल फुंकणारा, टोपीवाला गोरा शिपाई. माणसाच्या हातून इतकं चांगलं काम कसं झालं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

१९५३ साली कोणी मंत्री येणार म्हणून रस्त्यावरच्या भिंती पांढऱ्या करायचा हुकूम निघाला. तुकोजी रंगारी बादली घेऊन आला, तेव्हा बाई मला भिंतीशी ठेवून ठाण मांडून बसल्या.

"बाईजी, सरका ना. मंत्रीजी परसों येताहेत. दीवार सफेद पाहिजे."

"ही चित्रं आहेत, तुकोजी."

"चित्रंच ना? मग नवी काढा! चुना मी फुकट देतो."

जमलेले सगळे हसले. भिंतीकडे एकानेही पाहिलं नाही.

गर्दीतून बाईंचे सासरे शंकरराव पुढे आले. दरबारच्या दफ्तरातले जुने पेन्शनर. "इंदू, उठू नकोस. मी आलोच," म्हणाले आणि शेंदूर-तेल घेऊन परतले. बघता बघता शिपाई टोपीपर्यंत लाल झाला.

तुकोजीने कुंचा टाकून हात जोडले. "पहले सांगायचं ना, बाबासाहेब! पाप लागलं असतं!"

"मामंजी, तो इंग्रज आहे," बाई कुजबुजल्या.

"होता," शंकरराव म्हणाले. "भिंत वाचली ना?"

वाचली. हसणारे तेच लोक संध्याकाळी नारळ घेऊन आले. शिपायाचा टोपीबाबा झाला. त्याला जागा पुरेना, तेव्हा हत्ती शेंदरात गेला, बायका उदबत्त्यांच्या धुरात गेल्या आणि माकडाच्या तोंडात खिळा ठोकून घंटा टांगली. मंत्री दुसऱ्याच रस्त्याने गेले.

"चुना खरवडता तरी आला असता, मामंजी," बाई म्हणाल्या.

मामंजी नारळ फोडत होते.

आता माझं कापड फाटलं आहे आणि मी माळ्यावर पडून आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमची काळजी मी पाहिली आहे. नुसतं चाला, थांबा, बघा. हात मात्र पाठीमागे बांधून ठेवा.

बाईंनी त्या भिंतीचं चित्र कधीच काढलं नव्हतं. फेरीत ती शेवटी येई आणि तोवर कागद संपलेले असत.