एकविसावी खुर्ची

राजशिष्टाचार विभागात तिला सगळे खुर्चीबाई म्हणत. सरकारी समारंभात कुणाचा मान कुणाच्या आधी, हे तिला तोंडपाठ होतं. एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांच्या खुर्च्या लावत आली होती आणि स्वतः दाराशी उभी राहत आली होती.

त्या वर्षी शपथविधीच्या निमंत्रितांच्या यादीत एकविसावं नाव तिच्या धाकट्या बहिणीचं निघालं. धाकटी सचिव झाली होती. दोघी एकाच वर्षी स्पर्धा परीक्षेला बसल्या होत्या. धाकटी पास झाली, ताई अकरा मार्कांनी राहिली.

आदल्या रात्री तिच्या नावाची पाटी खुर्चीवर ठेवताना ताईचा जळफळाट झाला. मागे वळून कुणी बघत नाही ना याची खात्री केली, पाटी उचलली आणि थेट शेवटच्या रांगेत, कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांमध्ये नेऊन ठेवली. कुणी विचारलंच तर नेमणुकीचा कागद उशिरा आला म्हणायचं.

सकाळी धाकटी आली. पाटी कुठे आहे ते पाहून थबकली.

"ताई, माझी जागा इथे?"

"यादीत तसंच आहे."

धाकटीनं पुढच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग पाटीपाशीच बसली.

तेवढ्यात व्यवस्थेवरचा माणूस त्यांच्या वडिलांना हाताला धरून घेऊन आला. ताईच्या पासवर आलेल्या बाबांना पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून त्यानं त्यांना शेवटच्या रांगेत दाराजवळच, नेमकं धाकटीच्या शेजारी बसवलं.

समारंभाला दहा मिनिटं असताना विभागाचे साहेब तावातावानं आले. "एकविसावी रिकामी कशी? पाटी कुणी हलवली?"

ताईनं हातातली यादी पाठीमागे धरली.

"मीच सांगितलं होतं तिला," धाकटी उठून म्हणाली. "बाबांना कमी ऐकू येतं. जवळ कुणीतरी हवं."

"आधी कळवायचं ना, मॅडम," साहेब नरमले आणि बाविसाव्यापासून सगळ्यांना एकेक खुर्ची पुढे सरकवून निघून गेले.

दोन तास ताई दाराशी उभी होती. धाकटी बाबांच्या कानात एकेक गोष्ट सांगत होती. बाबा हसत होते, मध्येच तिचा हात थोपटत होते. बाबांनी आपला हात शेवटचा कधी थोपटला होता, हे ताईनं आठवून पाहिलं.

बाहेर पडल्यावर बाबा धाकटीच्या गाडीत बसले. मग ताई म्हणाली, "पाटी मी मुद्दाम हलवली."

"माहीत आहे."

"मग का वाचवलंस?"

"तुझ्या नोकरीवर आलं असतं, ताई."

"म्हणजे चांगलं वागायचं तेही तूच! एकदा तरी भांड ना माझ्याशी!"

धाकटीचे डोळे भरले. "चल, घरी सोडते तुला."

"नको," ताई म्हणाली आणि बसस्टॉपकडे चालू लागली.