तीस हातांचा झोका

घसरगुंडीवर वाळत घातलेल्या कुरडया.

बेचाळीस पर्यटक आणि एक पंक्चर.

'बारा वर्षांवरील व्यक्तींनी झोक्यावर बसू नये.'

खुंटीला वीस वर्षं टांगलेला मोटेचा नाडा.

साठीतल्या बाईचे तळपाय, जमिनीपासून दोन पुरुष उंच.

आता हे सगळं एकाच बागेत कसं आलं, ते ऐका.

शहागडच्या अलीकडं, हायवेला लागून असलेल्या एका गावात गेल्या पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीची बाग उघडली. बाग म्हणजे वीस गुंठे जागा, मधोमध एक थोराड कडुलिंब, एक घसरगुंडी, दोन झोके आणि व्यायामाची चार यंत्रं. देखभालीला गावचीच लेक शीतल नेमली, एका वर्षासाठी. वर्षानं तालुक्याहून तपासणी होणार होती. लोक येत असतील तर बाग राहणार, नाहीतर त्या जागेवर दुकानांचे गाळे निघणार. शीतलनं वर्षभर लिंबाखाली असं झाडलं, की कुणी आपलं अंगणही झाडत नसेल. तपासणीची तारीख आली आणि त्या दिवशी निघाली नागपंचमी.

तपासणीचा फॉर्म तिला रकान्यांसकट पाठ होता.

रकाना १ : नागरिकांकडून होणारा वापर

होतो. फक्त फॉर्म छापणाऱ्याच्या मनात होता तसा नाही.

पायांच्या व्यायामाच्या यंत्रावर काकासाहेब रोज सकाळी नऊ ते अकरा येऊन बसत. पाय हलवत नसत. पेपर वाचून झाला की मोठ्यानं विचारत, "शीतल, किती आले गं आज?"

"तुम्ही आलात की, काका."

"मी तर मोजायलाच येऊन राह्यलो."

गाळ्यासाठी पहिला अर्ज त्यांचाच होता. लेकाला, सुमितला, मोबाईलचं दुकान टाकून द्यायचं होतं.

चैत्रात घसरगुंडीचा पत्रा तापला, तेव्हा काकासाहेबांच्याच बायकोनं, गोपिकाबाईंनी, त्यावर कुरडया घातल्या. शीतलनं त्यांना हाकललं नाही, चिमण्या हाकलल्या. दुसऱ्या दिवशी सात बाया आल्या.

रकाना २ : पर्यटन

तुळजापूरला निघालेली बस फाटकासमोर पंक्चर झाली. बेचाळीस माणसं दोन तास लिंबाखाली बसली, डबे सोडले, एकानं तर झाडाचा फोटोही काढला. शीतलनं वहीत लिहिलं : पर्यटक, ४२.

"रस्त्यात खिळा कोणी टाकला व्हता?" काकासाहेबांनी विचारलं.

"देवीनं."

रकाना ३ : खेळाची साधने, चालू / बंद

दोन्ही झोक्यांच्या बैठका तडकल्या होत्या. शीतलनं त्या आठ दिवसांपूर्वी वेल्डिंगला दिल्या होत्या. पंचमीच्या सकाळी फोन केला तर वेल्डर म्हणाला, "ताई, आज कसलं दुकान? मी गावाकडं आलोय."

तपासणीच्या मॅडम अकराला येणार. दहा वाजले होते. बागेत एकटे काकासाहेब.

रकाना ४ : (हा फॉर्ममध्ये नाही)

वारुळाला पूजा करून बाया गाणी म्हणत फाटकातून आत शिरल्या. माहेरी आलेल्या लेकी, सुना, सासवा, पुढं गोपिकाबाई. बायांनी रिकाम्या साखळ्या पाहिल्या आणि गाणं थांबलं.

"झोकेच न्हाईत की," नंदाबाई म्हणाली. "चला, कारभारीच्या मळ्यात चिंच हाय."

सगळा घोळका वळलाच. शीतल धावत पुढं गेली. "काकू, नाडा असला तर अर्ध्या तासात झोका बांधते. लिंब आहे ना."

गोपिकाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "आमच्या खुंटीला हाय मोटेचा."

"त्याला हात लावायचा न्हाई," काकासाहेब म्हणाले.

तोवर त्यांची सून निघालीसुद्धा होती.

नाडा आला. विहिरीवर मोट ओढायचा दोर, मनगटाएवढा जाड, तीस हात लांब. दोन झोके होतील, म्हणून शीतलनं झाडणीच्या खोलीतून कोयता आणला.

"पोरी, ठेव तो," गोपिकाबाई म्हणाल्या. "आज पंचमी. चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई."

"मंग काय तीस हात नाडा लिंबाला गुंडाळता?" काकासाहेब हसले.

शीतलनं वर पाहिलं. खालच्या फांद्या सोडून, त्यांच्या वरची सोडून, थेट शेंड्याखालची आडवी फांदी. तिनं चपला काढल्या, पदर खोचला, नाड्याचं एक टोक कमरेला बांधलं आणि चढली. खालून बाया ओरडत होत्या, कुणी डावीकडं, कुणी उजवीकडं. तिला काही ऐकू येत नव्हतं. नुसता वारा, आणि हायवेवर खूप लांब एक पांढरी जीप.

तिनं गाठ मारली.

"सोड ती," खालून आवाज आला. काकासाहेब यंत्रावरून उठले होते. वर्षात पहिल्यांदाच नऊ ते अकराच्या मधे उठले होते. "ती गाठ सरकती हाय. म्हशीला बी मी अशी बांधत न्हाई. माझी बायको बसणार हाय त्याच्यावर. टोकाची शेव वरून घे. आता फांदीच्या पोटाखालून. ओढ. आणखी ओढ. जेवली न्हाईस काय?"

"पंचमीचा उपास आहे, काका."

"मंग दातानं ओढ."

दुसरी गाठही तशीच बसली. खाली चौघडी पोतं घातलं. गोपिकाबाई बसल्या. दोघींनी रेटा दिला, मग चौघींनी. झोका एवढा लांब, की फाटकाकडं निघाला तो लवकर परतेचना. पुढच्या रेट्याला त्यांचे तळपाय घसरगुंडीच्याही वर दिसले. "आणखी द्या गं," त्या वरून म्हणाल्या.

कारभारीच्या मळ्यात आधीच झोका बांधलेल्या बायांना लांबून लिंबाच्या डोक्याजवळ हिरवं लुगडं येता-जाता दिसलं. त्या चिंच सोडून निघाल्या.

रकाना ५ : शेरा

तालुक्याच्या मोनिका मॅडमना जीप फाटकाबाहेरच लावावी लागली. आत रांग होती. त्यांनी आधी पाटी वाचली. बारा वर्षांवरील व्यक्तींनी.

"ह्यांचं वय?" मॅडमनी वर बोट केलं.

"मला वाचता येत न्हाई, बाई," वरून उत्तर आलं आणि झोका मागं गेला.

मॅडमनी फायलीतला कागद काढला. "काकासाहेब कोण? बाग वर्षभर रिकामी असते, तिथं गाळा द्या, असा तुमचा अर्ज आहे."

काकासाहेबांची नजर गाठीवरून हलत नव्हती. "फाडून टाका तो."

"तुमचा अर्ज तुम्हीच फाडा."

"आज न्हाई फाडता येत. पंचमी हाय. उद्या येतो तालुक्याला."

"आणि सुमितचं दुकान?" शीतलनं हळूच विचारलं.

"बेचाळीस माणसं पंक्चर झाली तर मोबाईल चार्जिंगला लावतीलच की. फाटकाबाहेर टाकंल." मग ते वर बघून म्हणाले, "अगं उतर आता, रांग हाय."

"तुम्ही वर्षभर बसला, मी उठवलं काय?" गोपिकाबाई म्हणाल्या.

मॅडमनी मांडीवर फॉर्म ठेवून लिहिलं : 'वापर चालू. मुदत वाढवावी. पाटी बदलावी.' पेन मिटलं आणि शीतलला विचारलं, "रांगेचा शेवट कुठं आहे?"

तसा वापर पहिल्या दिवसापासूनच चालू होता. गेल्या पंधरा ऑगस्टला फीत कापायच्या आधीच बागेत पहिला शिरला तो काकासाहेबांचा गोऱ्हा होता.