मुरूम काढायचा आहे

"मुरूम गेल्याशिवाय काउंटरवर दिसायचं नाही," मालक म्हणाले. "पंधरा दिवस देतो. नाहीतर कायमची मागच्या खोलीत."

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची काडी वाकवायची. हे मला मालकांपेक्षा चांगलं जमतं. शिवाय चष्मा काढलेल्या गिऱ्हाइकाला माझा चेहरा दिसतच नाही. हे मी मालकांना सांगितलं.

"घातल्यावर दिसतो ना," ते म्हणाले.

घरी आले ती धुमसतच. आत्याने हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला. "या कपाळावर भाजी परतता येईल गं. कपड्यांचा साबण घे आणि खसाखसा घास."

दादाच्या मते दाणेदार स्क्रब. तो गेल्या महिन्यात घासून झाला होता. सालं निघाली, मुरूम जागच्या जागी.

संतापाच्या भरात बाबांना मेसेज टाकला: "मुरूम फार झालाय. पंधरा दिवसांत काढायलाच हवा. काहीतरी पाठवा."

बाबा रस्त्याच्या कामावर मुकादम आहेत. रस्त्याखाली दाबतात त्या लाल भरड मातीलाही मुरूमच म्हणतात, आणि तीस वर्षांत बाबांनी हा शब्द दुसऱ्या अर्थाने वापरलेला नाही. माझ्याकडे बघूनसुद्धा नाही, हा त्यांचा मोठेपणा.

अर्ध्या तासात दारात खोदायचं पिवळं यंत्र उभं राहिलं. चालवणारे काका खाली उतरले.

"मुकादमसाहेबांनी पाठवलंय. मुरूम कुठाय?"

मी चेहरा दाखवला.

काकांनी तो समोरून पाहिला, मग बाजूने. "एवढ्याला यंत्र नाही लागत," ते म्हणाले आणि रस्त्याची सगळी रहदारी अडवून यंत्र मागे वळवू लागले. दिवसभरात मिळालेला हा पहिला बरा सल्ला.

मग मी स्वतःच औषधांच्या दुकानात गेले. तिथे फेसवॉशचं अख्खं कपाट होतं. 'तेलाचा नायनाट'. 'मुळापासून सफाया'. चेहरा धुवायचाय की गाव लुटायचंय, कळेना. एकात कोळसा होता, त्याचा त्यांना अभिमानही होता.

"सगळ्यात जहाल कुठलाय तो द्या," मी औषधवाल्या ताईंना म्हटलं.

"कुणाला मारायचंय?"

"मालकांना."

"त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते." ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तोंड धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी होते का?"

"हो. तेव्हा कुठे धुतल्यासारखं वाटतं."

"धुतल्यासारखं नाही, सोलल्यासारखं. तेल काही थांबत नाही त्याने, जळजळ तेवढी वाढते." त्यांनी एक साधी, बिनवासाची ट्यूब पुढे सरकवली. "जेल आहे. थोडं सॅलिसिलिक अॅसिड. सकाळ-संध्याकाळ, कोमट पाणी, बोटांनी हळू. घासलंस तर परत येऊ नकोस. वरून हलकं मॉइश्चरायझर."

"आधीच एवढं तेल असताना?"

"असताना."

"पंधरा दिवसांत जातील?"

"सहा ते आठ आठवडे धर. नाहीच फरक पडला, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा."

मी ट्यूब घेतली आणि दाराशीच थांबले. कपाटातली कुठलीही बाटली घेतली असती, तरी पंधरा दिवसांत काही होणार नव्हतं. इतके दिवस मी चेहऱ्यावर डाफरत होते. पत्ता चुकला होता.

दुसऱ्या दिवशी तडक काउंटरवर जाऊन बसले.

"आठ आठवडे लागतील," मी मालकांना सांगितलं. "तोवर मी इथेच."

"गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"तुमच्या टकलाला काय म्हणतं?"

समोर एक आजोबा नवा चष्मा हातात धरून उभे होते. मालकांनी तो तीनदा बसवला होता आणि तीनदा तो घसरून ओठावर आला होता.

"आधी कुणीतरी हा बसवा," आजोबा म्हणाले. "मग भांडा."

मी काडी गरम केली, वाकवली, चष्मा नाकावर टेकवला. राहिला. आजोबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मालकांनी श्वास रोखला.

"डाव्या कानाला टोचतंय," आजोबा म्हणाले.

मी काडी सैल केली. त्यांनी दोनदा मान हलवून बघितली आणि निघून गेले. रांगेतल्या बाई पुढे सरकल्या, त्या माझ्याचकडे.

मालक माझ्या कानाशी वाकले. "तोंड सांभाळ."

"तेच करतेय," मी म्हटलं. "सकाळ-संध्याकाळ."