पुढची चाकं

प्रवासाच्या चौदाव्या महिन्यात एका मोठ्या धबधब्यासमोर उभं असताना तिला कळलं, की आपल्याला काहीच होत नाहीये. शेजारच्या माणसांच्या डोळ्यांत पाणी होतं. ती मात्र खोलीत वाळत घातलेले मोजे सुकले असतील का, याचा विचार करत होती.

नोकरी सोडून ती जग बघायला निघाली होती. आता नवं शहर म्हणजे नवा पलंग आणि गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला, एवढंच उरलं होतं. घरी जावंसंही वाटत नव्हतं.

पुढच्या गावाची बस तिच्या डोळ्यांदेखत सुटली. ती बाकावरून उठलीच नाही. समोर एक शेड होती. चाकाच्या जुन्या खुर्च्या, म्हणजे व्हीलचेअर, दुरुस्त करून तिथे गरजूंना फुकट देत. दारावर पाटी होती : मदतीला माणसं हवीत. तासाभराने ती आत गेली, तीही बसून बसून पाठ अवघडली म्हणून.

मिस्त्री साठीचा होता. "पान्हा चालवता येतो?"

"नाही."

"कात्री?"

"येते."

"मग बसा."

काम पुढच्या लहान चाकांचं होतं. त्यांच्या आसाभोवती केस, दोरे, गालिच्याचे धागे असे घट्ट गुंडाळले जातात, की चाक फिरेनासं होतं. ब्लेडने कापायचं, चिमट्याने ओढायचं, तेल सोडायचं. दिवसाला दहा-बारा चाकं. शेडमागच्या खोलीत तिची झोपायची सोय झाली. सगळे तिला पाहुणी म्हणू लागले. कुणी फार चौकशी केली नाही, हे तिच्या पथ्यावर पडलं.

ताईचा फोन आला. "अगं, तीन आठवडे एकही फोटो नाही? कुठे कडमडलीस?"

"इथेच आहे. चाकं साफ करतेय."

"त्यासाठी इतक्या लांब जायची काय गरज होती? तुझ्या भाऊजींची स्कूटर आहे की इथे!"

इथे आपण हसायला हवं होतं, हे तिच्या फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

त्याच आठवड्यात एक बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, खुर्चीतही ताठ बसणाऱ्या. "एका बाजूला ओढते," त्या म्हणाल्या. ही त्यांची तिसरी तक्रार होती. मिस्त्रीने खुर्ची बाईंसकट फरशीवर ढकलून दाखवली. ती सरळ गेली. बाई खुर्ची वळवून निघाल्या.

"खुर्चीला धाड भरलेली नाही," मिस्त्री म्हणाला. "बोलायला कुणी नाही, म्हणून येतात."

"तुम्ही त्यांच्याबरोबर घरापर्यंत कधी गेलात?" पाहुणी ताडकन बोलली. "नाही ना? मग कशावरून म्हणता?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचे कान तापले होते. कितीतरी महिन्यांत तिला राग असा आलाच नव्हता. ब्लेड खाली ठेवून ती बाहेर पडली आणि वळणावर तिने बाईंना गाठलं.

फुटपाथ डावीकडे, गटाराच्या बाजूला उतरता होता. चालणाऱ्याला कळणारही नाही, इतकाच. बाईंचा डावा हात सारखा जोर लावत होता, उजवा नुसता चाकावर टेकलेला.

"आणि येताना?" तिने विचारलं.

"येताना उजवीकडे ओढते. तसं सांगितलं असतं, तर त्यांनी मला वेडीच ठरवलं असतं."

घर यायला चाळीस मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं सांगितलं. मिस्त्री हनुवटी खाजवत बसला. मग बाईंना बोलावून त्याने त्यांच्या खुर्चीची मोठी चाकं दोन भोकं पुढे घेऊन बसवली, म्हणजे वजन मागे सरकून उताराची ओढ कमी होईल. त्यामुळे खुर्ची मागे कलंडायची भीती, म्हणून पाठीमागे दोन छोटी आधाराची चाकं लावली. स्वतः तीत बसून फुटपाथवर एक फेरी मारून आला, घामाघूम होऊन. मग बाई बसल्या.

"कमी झालंय. गेलेलं नाही."

"रस्ता मला दुरुस्त करता येत नाही, बाई."

"प्रयत्न केलात?"

मिस्त्री मान खाली घालून हसला.

संध्याकाळी तिने आपणहून ताईला फोन लावला. पुढची शहरं रद्द केली होती. "दोन महिने इथेच राहते, मग घरी येते."

"बरं वाटतंय का गं तुला?"

"माहीत नाही. भूक लागते."

ताईने विचारलं, "आज काय खाल्लंस?"

आणि ती सांगत बसली.