चिंधीच्या पोटातलं एक अक्षर

सकाळचा जप पुरा होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या थोरल्या नणंदेला, ताईंना, तर फारच चांगलं ठाऊक आहे, कारण भांडायला त्या नेमक्या तेव्हाच येतात.

त्या दिवशी त्या आल्या त्या झाकणाची वेताची टोपली घेऊन. आतून गुरगुर ऐकू येत होती.

"तुझं चालू दे," स्टुलावर टेकत त्या म्हणाल्या. "मी बोलते, तू ऐक. हवालदार आणलाय. तुझ्या त्या दवाखान्यात न्यायचाय. डॉक्टरांना सांग, इंजेक्शन देऊन टाका म्हणावं. त्रास होऊ नये, एवढं मात्र बघा."

मी वर पाहिलं.

"डोळे वटारू नकोस. माझी चिंधी गेली ती याच्यापायी."

ताईंचं खाली शिवणकामाचं दुकान, वर बिऱ्हाड आणि दोन्हीकडे मिळून, हवालदार धरून, सात मांजरं. चिंधी सगळ्यांत धाकटी. कतरणांच्या पोत्यात सापडली म्हणून चिंधी. हवालदार मात्र रस्त्यावरचा, एका डोळ्याचा, थोराड बोका. दोन महिन्यांपूर्वी तो आपणहून दुकानात शिरला आणि इस्त्रीच्या टेबलाखाली असा बसला, जणू पगारावर आहे. त्यानंतर चिंधीला ताप येऊ लागला. अंग वाळत गेलं, पोट तेवढं पाण्यानं फुगलं, आणि परवा ती ताईंच्या मांडीवरच गेली.

मी जनावरांच्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत काम करते. चिंधी जिवंत असतानाच डॉक्टरांनी तिच्या पोटातलं पाणी काढून माझ्याकडे दिलं होतं. सातही मांजरांची शी तपासायला घेतली होती. शीचा निकाल आधी आला. सातही जणांत एकच विषाणू. डॉक्टरांनी तसं फोनवर सांगितलं, आणि ताईंनी त्यातून आपला निवाडा करून टाकला.

"कापडाच्या ठाणांना कसर लागली तर मी काय करते? सगळ्यांत शेवटी आलेलं ठाण आधी बाहेर काढते. तीस वर्षं हेच करतेय, कधी चुकले नाही. उरलेली पाच तरी वाचवायला नकोत का?"

मी जप सोडला नाही. पण खरं सांगते, मणी बोटांत होते आणि मन त्या टोपलीत. शेवटचा मणी ओढून मी म्हणाले, "ताई, पोटातल्या पाण्याचा निकाल अजून यायचाय. दुपारपर्यंत थांबा."

"पोर गेली माझी. आता निकाल लागून काय पास होणार आहे ती?"

"दुपारपर्यंतच."

"बरं. तुझ्या देवाला विचार, तुझ्या मशीनलाही विचार. दुपारनंतर मी कुणाचं ऐकायची नाही."

दवाखान्यात ताई व्हरांड्यातल्या बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसल्या. टोपलीला पाठमोरं बसता येत नाही म्हणून, नाहीतर तशाच बसल्या असत्या. मी आत गेले.

विषाणू म्हणजे काय, तर एक लांबलचक मजकूर. चारच अक्षरं, पण अशी ओळीनं मांडलेली की मांजरांच्या या विषाणूत ती तीस हजारांच्या घरात जातात. आम्ही सगळा मजकूर वाचला नव्हता. ज्या भागाच्या जोरावर तो पेशीला चिकटतो, त्यातला एक तुकडा वाचला होता. चिंधीच्या शीमधला तुकडा वर, तिच्या पोटातल्या पाण्यातला खाली. एकाच मांजराच्या अंगातल्या दोन ओळी पडद्यावर एकाखाली एक उभ्या राहिल्या.

अक्षराला अक्षर जुळत होतं. मी पडदा सरकवत गेले. जुळतंय, जुळतंय, आणि एका जागी वर एक अक्षर, खाली दुसरं. पुढे परत सगळं जुळत गेलं.

ही कामं मी कितीदा केली असतील. तरी माझा हात माऊसवर तसाच राहिला. वरच्या ओळीनं चिंधीला फार तर दोन दिवस पातळ शी झाली असती. खालच्या ओळीनं ती गेली. शरीराचे पहारेकरी असतात ना, विषाणूला गिळून टाकणाऱ्या पेशी, त्यांच्याच पोटात बसून तो अंगभर हिंडला. एवढ्या मोठ्या मजकुरात इतकीशी खूण, आणि तिच्या या बाजूला जगणं, त्या बाजूला मरण. देवळात गाभाऱ्यापाशी आवाज आपोआप खाली येतो, तसं मला झालं.

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले होते. "बोलवा त्यांना आत," ते म्हणाले. "टोपली मात्र टेबलावर नको. गेल्या वेळी तुमच्या हवालदारानं माझी बाही फाडली."

"फाडली ती आणून द्या, शिवून देते," दारातूनच ताई म्हणाल्या.

मी त्यांना दोन्ही ओळी दाखवल्या. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्या पडद्याशी वाकल्या. "कुठंय?"

मी बोट ठेवलं.

"एवढंच?"

"आम्ही वाचलं त्यात एवढंच," डॉक्टर म्हणाले. "इतरत्र आणखी बदल असतील. पण हा बदल या आजारात पुष्कळदा दिसतो."

"मग हवालदाराच्यात काय आहे?"

"वरची ओळ. सगळ्यांच्या शीमध्ये तीच आहे."

"म्हणजे वरची तरी यानंच आणली ना?"

"तेही सांगता येत नाही. त्यानं आणली असेल, किंवा तुमच्याच घरात होती आणि ती त्याला लागली. जिथे चार मांजरं एकत्र, तिथे बहुधा असतेच. खालची मात्र कुणी आणली नाही. ती चिंधीच्या अंगात तयार झाली, आणि बहुतेक वेळा ती त्या मांजराबरोबरच संपते."

ताईंनी पडद्यावरच्या त्या जागी स्वतःचं बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "ब्लाउजच्या एका पेपर कटिंगवरून दुसरं उतरवत गेलं की मुंढ्याची, बाही जोडायची, खूण सरकते. मी दुकानातल्या मुलींना ओरडते, मूळ कागदावरूनच उतरवा म्हणून."

"इथे मूळ कागद असा उरतच नाही, ताई," मी म्हणाले. " जी नक्कल निघाली, तीच पुढच्या नकलेचा कागद."

"मग खूण रोजच सरकत असेल."

"रोज काय, क्षणाक्षणाला. लाखो नकला निघतात. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही."

"आणि उद्या माझ्या पाचांतल्या एखाद्यात सरकली तर? या बोक्यात सरकली तर?"

मला खोटं बोलवेना. "सरकू शकते. बहुधा नाही सरकणार."

"बहुधा," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे आजवर ही सगळी माझ्या पायांत घोटाळत होती, ती या एका 'बहुधा'वर?"

मीही त्याच प्रश्नाशी येऊन थांबले होते. एक खूण सरकली आणि चिंधी गेली, हे समजत होतं. पण इतक्या मांजरांत, इतक्या पोटांत, दिवसरात्र इतक्या खुणा सरकतात आणि सकाळी सगळी भुकेली होऊन दारात ओरडतात, हे कोण सांभाळतं? माझे हात आपसूक जुळले. ताईंनी ते पाहिलं आणि एरवी मारतात तो टोमणा मारला नाही.

डॉक्टर ताईंकडे वळले. "मग? इंजेक्शनचं काय करायचं?"

ताईंनी टोपलीचं झाकण उघडलं. हवालदार बाहेर आला नाही. त्यांनी आत हात घातला आणि त्याच्या मानेमागे कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"आता आणलाच आहे," त्या म्हणाल्या, "तर याचे कान तरी तपासा. सारखा खाजवत असतो मेला."