तुटलेला देठ

लूमचा लाकडी दांडा धम्मपालच्या कपाळावर बसला, तेव्हा उधन्याच्या त्या कारखान्यात कुणालाच आवाज ऐकू आला नाही. लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू असले की तिथे काहीच ऐकू येत नाही. मारणारा शेजारच्याच लूमवरचा कारीगर होता. बोलाचाली झाली, शिवी आईवर गेली, आणि त्याने दांडा उचलला. माझा भाऊ उलटा पडून लोखंडी बीमवर आदळला. टाके घालून त्याला डिंडोलीला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी त्याला तहान लागली.

साधी तहान नव्हती ती. तांब्या रिकामा केला की तो मोरीकडे पळायचा, आणि मोरीतून थेट माठाकडे.

यावलहून भाऊरावकाका आले होते. त्यांनी माठ उचलून बाहेर ठेवला. "डोक्याले मार लागेल मानसाले पानी देत नहीत. मेंदूत उतरते."

"काका, मरतोय मी," धम्मपाल म्हणाला.

"पानी पेला तं मरशील."

त्याने काकांना ढकललं. काकांनी आईचं लुगडं घेऊन त्याला खाटेला बांधलं. आई, अंजनाबाई, रडत त्याचे पाय धरून बसली. धम्मपालने काकांच्या मनगटाचा चावा घेतला. काकांनी त्याच्या तोंडात मारली. मग तो खाटेसकट उठला, भिंतीला धडकत मोरीत गेला आणि साबणाच्या बादलीत तोंड घालून ते पाणी प्यायला लागला. काकांनी केस धरून त्याला मागे ओढलं. त्याच्या नाकातोंडातून फेस येत होता.

मी बी.एस्सी. होऊन कतारगामच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागले होते. त्याची लघवी बाटलीत भरून तिथे नेली. दिसायला नळाचं पाणीच. तपासली, तर साखर अजिबात नाही. घनता मोजली, तीही पाण्याच्या जवळपास, आणि तेही त्याचं पाणी तोडलेलं असताना. म्हणजे तो जास्त पितो म्हणून पाणी जात नव्हतं. शरीर पाणी धरतच नव्हतं, म्हणून तो मागत होता.

घरी येऊन मी विळ्याने लुगडं कापायला घेतलं.

"भावाले मारतं का वं?" काका माझ्या अंगावर धावले. मी विळा त्यांच्याकडे वळवला. ते थांबले.

इस्पितळात रक्त तपासलं, तर सोडियम भयंकर वाढलेलं. गुजराती डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळाने लघवी पहिल्यांदा पिवळी झाली. त्यावरून निदान पक्कं झालं. पिट्यूटरी ग्रंथी मेंदूखाली एका बारीक देठाला लटकलेली असते. पाणी राखायचं रसायन मेंदूत तयार होतं, त्या देठातून उतरतं आणि ग्रंथीत साठतं. धक्क्याने तो देठ तुटला होता.

काका त्या दिवसापासून वॉर्डातच ठाण मांडून बसले. "त्याच्याजवळ आता मीच बसीन," म्हणाले.

चारेक दिवसांनी मी लॅबमधून वॉर्डात आले, तर काका धम्मपालच्या छातीवर गुडघा रोवून त्याचं नाक दाबत होते. तोंड उघडलं की जगमधून पाणी ओतत होते. आईने त्याचे हात धरले होते. तो मान झटकत होता, ओकत होता.

"पी रे राजा," काका रडत होते. "तुले तहानलेलं ठेवलं मी. आता पी."

खाटेखालच्या बाटलीत तळाशी गडद पिवळी, जेमतेम चमचाभर लघवी होती.

"काका, डॉक्टर नेमकं काय म्हणाले?"

"मागे एटलुं पानी आपजो. मागल तेवढं पानी द्या म्हने."

"त्यापुढे?"

"पुढं काय? नुसतं ज, ज करे."

गुजरातीतला 'ज' म्हणजे आपला 'च'. मागेल तेवढंच.

तुटलेल्या देठाखाली, ग्रंथीत असलेला त्या रसायनाचा साठा एकदम सुटला होता. आता शरीर थेंबही बाहेर सोडत नव्हतं, आणि काका ओततच होते. रक्तातलं मीठ पातळ होत चाललं होतं. मी जग ओढला. काकांनी मला थोबाडीत दिली. "पुन्हा माझ्या हातून त्याले तहानेनं मारतं?" मी जग लोखंडी खांबावर आपटून फोडला. एवढ्यात धम्मपालचे डोळे फिरले. अंग ताठ झालं, दातांखाली जीभ आली आणि खाट हादरायला लागली.

डॉक्टर धावत आले. मिठाचं तीव्र सलाइन लावलं, अगदी हळू. पाणी बंद. काका भिंतीला पाठ लावून उभे होते. कुणी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

सकाळी बाटली काठोकाठ भरली, स्वच्छ पाण्यासारखी. आई हसली. मला हसू आलं नाही. साठा संपला होता. आता कदाचित जन्मभर नाकात औषधाचे थेंब घालावे लागणार होते. पण धम्मपालने डोळे उघडले, आईला ओळखलं आणि पाणी मागितलं.

काकांनी पेला भरला. दोन्ही हातांनी पुढे केला. धम्मपालने पेला हिसकावला, पूर्ण प्यायला आणि मोकळ्या हाताने काकांच्या कानफटात मारली. हातात जोर नव्हता, लागलीही नसेल.

काका तिथेच वाकून उभे राहिले.

"अजून मार," म्हणाले.

धम्मपालने रिकामा पेला पुढे केला.