मिस्त्रींच्या खिशातले नट

मित्रांनो, माझ्यावर उभं राहताना भलेभले श्वास रोखतात. त्याने काटा एक रेघही हलत नाही, पण हे त्यांना सांगणार कोण? मी एक जुना वजनकाटा आहे. लोखंडी पाय, रबरी पाट आणि छातीवर गोल तबकडी. कारखान्यातून निघालो तो थेट एका मोठ्या दवाखान्यात आलो.

माझ्या खोलीत एचआयव्हीची लागण झालेली माणसं येत. हा विषाणू अंगातून जात नाही. पण रोज न चुकता गोळी घेतली तर तो डोकं वर काढत नाही आणि माणूस आपलं आयुष्य नीट जगतो. गोळ्या फुकट मिळत. आधी माझ्यावर उभं राहायचं, मग गोळ्या. काडीसारखी आलेली माणसं पुढे माझी स्प्रिंग कुरकुरायला लावत, तेव्हा मला कोण आनंद व्हायचा! सिस्टर म्हणायच्या, "माणसं थापा मारतील, हा मारायचा नाही." मी नुसता फुगायचो.

माझा हा ताठा मिस्त्रींनी उतरवला. मिस्त्री म्हणजे बस डेपोतले फिटर. दर महिन्याला दोन बस बदलून येत. रांगेत अख्खा दिवस जाई. डेपोत कळू नये म्हणून रजेसाठी काहीबाही सांगत. एकदा सिस्टरना म्हणाले, "साहेब विचारतात, तुला मावश्या तरी किती रे? दर महिन्याला एक आजारी!" सिस्टर खूप हसल्या. मलाही गंमत वाटली.

पुढे रजा मिळेनाशी झाली. मिस्त्रींनी आपल्या डोक्याने तोड काढली. एक दिवसाआड गोळी घ्यायची, म्हणजे महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरतात! मधल्या महिन्याचं सिस्टरनी विचारलं, तर दुसऱ्या दवाखान्यातून घेतल्या म्हणायचं. विषाणूला काय, आयतंच फावलं. मिस्त्री झरझर वाळू लागले. वजन उतरलेलं दिसलं की चोरी पकडली जाणार आणि गोळ्या कायमच्या बंद होणार, असं त्यांनी मनात घेतलं. म्हणून ते खिशांत बसच्या चाकांचे जाड नट भरून माझ्यावर उभे राहिले.

त्यांची बसलेली गालफडं मला दिसत होती. काटा मात्र पूर्वीसारखाच अठ्ठावन्नावर. मित्रांनो, त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही. मी दाखवलं ते खरंच होतं, तरी सिस्टरच्या वहीत खोटं लिहिलं गेलं. ओरडायला मला तोंड नव्हतं.

असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला मिस्त्रींना खोकल्याची उबळ आली. ते वाकले, एक खिसा उसवला आणि नट खणखण करत फरशीभर झाले. काटा खाली घसरला. मग मिस्त्रींनी दुसरा खिसा स्वतःच रिकामा केला. काटा पंचावन्नावर थांबला.

"मिस्त्री, अख्खी बस खिशात घालून फिरता की काय?" सिस्टर कडाडल्या. मग हळूच म्हणाल्या, "गोळ्या कधीपासून चुकवताय?"

"सहा महिने झाले. पाया पडतो सिस्टर, गोळ्या बंद करू नका. पोरगी आत्ता कुठे तिसरीत गेलीय."

"अहो, बंद कोण करतंय? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मलाच वाटलं."

सिस्टर खाली बसून नट गोळा करू लागल्या. "मी आपली तुमच्या मावश्यांवर हसत बसले. रजेचं तेव्हाच विचारायला हवं होतं मी."

मिस्त्रींचं रक्त तपासलं. विषाणू जुन्या गोळीला दाद देईना, म्हणून औषध बदललं. सिस्टर मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यातला एक नट त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांचा पिच्छाच पुरवला. वर्षभराने डेपोमागच्या छोट्या दवाखान्यात संध्याकाळी गोळ्या मिळू लागल्या. तब्येत सावरलेल्यांना तर तीन-तीन महिन्यांच्या एकदम. मला टेम्पोत घालून तिकडे नेलं, सिस्टरही तिकडेच आल्या. मिस्त्री काम सुटल्यावर पायी येऊ लागले. तिथे सर्दी-तापाचेही लोक येत, त्यामुळे डेपोत कुणाला शंका यायची नाही. त्यांच्या साऱ्या मावश्या एकदम ठणठणीत झाल्या!

पुढे काचेचा नवा काटा आला आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर पिशव्या टांगल्या जाऊ लागल्या. स्प्रिंग गंजली. मला भंगारात काढायचं ठरलं, त्याच संध्याकाळी मिस्त्री पाना आणि तेलाची बाटली घेऊन हजर! "याला हात लावायचा नाही. याला मी फसवलंय," म्हणाले आणि मांडी घालून कामाला लागले.

मित्रांनो, मी वजन सांगतो. माणूस का वाळला, ते मला सांगता येत नाही. ते तुम्ही विचारायचं, आणि उत्तर ऐकून त्याचं औषध त्याच्या हाताशी येईल असं करायचं. जमलं तर आम्हा जुन्यांनाही थेंबभर तेल द्या.

मला दुरुस्त करून मिस्त्री उठले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले आणि ते माझ्यावर चढले. सिस्टरनी चष्मा लावून वाचलं, "सदुसष्ट."

"नीट बघा, सिस्टर."

"बघितलं," सिस्टर म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं.